कोलार्डची भाजी आणि तासभराची उकळी

पालेभाजी जास्त शिजवली की तिच्यातलं सत्त्व जातं, हे आपण लहानपणापासून इतक्यांदा ऐकलेलं असतं की अमेरिकेच्या दक्षिणेतली कोलार्डची भाजी पहिल्यांदा होताना पाहणारा नाक मुरडतोच. हिरवीगार पानं शेवाळी होईपर्यंत पातेल्यात ठेवायची, कधी तासभर तर कधी दोन तास, आणि वर त्यात डुकराच्या पायाचं धुरावलेलं हाडूक. पोषणाच्या दृष्टीने या पद्धतीला नावं ठेवणारे पुष्कळ. पण जॉर्जिया, अलाबामा, कॅरोलिनातल्या आज्या-पणज्या जे करत आल्या, ते रसायनशास्त्राच्या अंगाने पाहिलं तर वाया जाणारं फारसं काही हाती लागत नाही. फक्त एकच अट आहे: भाजीचं पाणी मोरीत ओतायचं नाही.

कोलार्ड म्हणजे ब्रॅसिका ओलेरेशिया. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल ही सगळी याच एका प्रजातीची रूपं. कोबीची पानं मिटून गड्डा धरतात, कोलार्डची मोकळी राहतात आणि हत्तीच्या कानासारखी पसरतात. काश्मिरी लोकांचा 'हाख' याच गटातला. मोहरीचं तेल, हिंग आणि मिरची घालून तो पाण्यात शिजवतात आणि त्याचा पातळ रस भातावर घेतात. पोर्तुगीजांच्या 'काल्दो वेर्दे' या सारात, केनियातल्या 'सुकुमा विकी'त आणि ब्राझीलमध्ये राजम्यासारख्या काळ्या घेवड्याच्या फेजोआदाबरोबर हीच मंडळी भेटतात. आपल्या मंडईत कोलार्ड सहसा दिसत नाही. प्रयोग करायचाच असेल तर नवलकोलाचा पाला मागून घ्यावा. भाजीवाले तो बऱ्याचदा तोडून टाकतात आणि चवीला तो कोलार्डच्या फार जवळ जातो.

हे झाड मूळचं आफ्रिकेतलं नाही. ते युरोपातून अमेरिकेत गेलं. पण त्याची जी भाजी आज 'दक्षिणेची' म्हणून ओळखली जाते ती गुलामगिरीत राबणाऱ्या आफ्रिकी लोकांनी घडवली. त्यांना मिळणारा शिधा म्हणजे मुख्यतः मक्याचं पीठ आणि खारवलेलं डुकराचं मांस. दिवसभराची मजुरी संपल्यावर खोपटापाशी जो तुकडाभर वाफा कसायला मिळे, त्यात पालेभाजी. पालेभाजी रसदार शिजवायची आणि तो रस पिठाच्या पदार्थाबरोबर खायचा, ही रीत पश्चिम आफ्रिकेतून त्यांच्याबरोबर आली होती. मालकाच्या टेबलावर पानं जात आणि पातेल्यातला रस स्वयंपाक करणाऱ्यांच्या वाट्याला येई, असं सांगतात. खरोखर तसं होत असेल, तर मालकाने घाट्याचा सौदा केला, हे पुढे दिसेलच.

आता पातेल्याकडे वळू.

कोलार्डचं पान चिरलं की एक उग्र, नाकात जाणारा वास येतो. मराठी घरात हा वास ओळखीचा आहे: लोणच्यासाठी मोहरी फेसताना जो झणका डोळ्यांत पाणी आणतो त्याचाच हा सौम्य भाऊ. दोन्हींमागे रसायन एकच. या कुळातल्या वनस्पती आपल्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं साठवतात, आणि मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) त्यांच्यापासून वेगळं, शेजारच्या कप्प्यात ठेवतात. अळीने पान कुरतडलं, सुरी चालली किंवा मोहरी वाटली गेली की कप्पे फुटतात, दोघं एकत्र येतात आणि आयसोथायोसायनेटं तयार होतात. तिखट, उडून जाणारी, अळीला पळवून लावणारी. फोडणीतली मोहरी मात्र झोंबत नाही, कारण कडकडीत तेलात विकर आधीच मरतं.

कोलार्डच्या बाबतीत कडूपणा दुहेरी आहे. काही ग्लुकोसिनोलेटं मुळातच कडू असतात, आणि त्यांचे काही तुकडेही. उकळीत पान पडलं की विकर निकामी होतं, म्हणजे नवा झणका तयार होणं थांबतं. तयार झालेला झणका वाफेबरोबर उडतो. उरलेली ग्लुकोसिनोलेटं पाण्यात उतरतात आणि उष्णतेने हळूहळू मोडतात. अर्ध्या तासाने भाजी चाखली तर ती पहिल्या पाच मिनिटांपेक्षा स्पष्टपणे मवाळ लागते ती यामुळे. घरभर पसरणारा उकडलेल्या कोबीचा वासही गंधकाचाच. म्हणून पहिली पंधरा-वीस मिनिटं तरी झाकण उघडं असावं आणि खिडकीसुद्धा.

हा कडूपणा सगळ्यांना सारखा लागत नाही, ही यातली माझी आवडती गोष्ट. १९३१ साली ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या आर्थर फॉक्स या रसायनज्ञाकडून पीटीसी नावाच्या द्रव्याची पूड हवेत उडाली. शेजारचा सहकारी 'केवढं कडू!' म्हणून कुरकुरला, फॉक्सला मात्र कसलीच चव लागेना. हा फरक घराण्यातून चालत येतो हे लवकरच कळलं, आणि २००३ मध्ये त्यामागचं जनुकही सापडलं: टीएएस२आर३८. जिभेवरच्या एका कडू-ग्राहकाचा आराखडा ते ठरवतं. पीटीसीच्या रेणूत गंधक, नत्र आणि कार्बनची जी जोडणी आहे तशीच कोबीकुळातल्या काही कडू द्रव्यांत आहे. तेव्हा घरात एकजण कोलार्ड चाटूनपुसून खातो आणि दुसरा तोंड वाकडं करतो, तेव्हा दुसरा नाटक करत असेलच असं नाही.

कडूपणावर दक्षिणेतल्या स्वयंपाकघराचा उपाय म्हणजे मीठ. मीठ भाजीला नुसतं खारट करत नाही, सोडियम कडू चवीची जाणीव दाबतं. पॉल ब्रेसलिन आणि गॅरी बोशाँ यांनी १९९७ मध्ये हे नीट दाखवून दिलं: कडू-गोड मिश्रणात मीठ घातलं की कडूपणा मागे हटतो आणि गोडी आपोआप वर येते. चिमूटभर साखर घालायची की नाही यावर तिकडे भांडणं होतात. मीठ बरोबर पडलं असेल तर माझ्या मते साखरेची गरज नाही. त्यातून पानं थंडीतली असली तर मुळीच नाही. कडक थंडी पडायला लागली की हे झाड पानांत साखर साठवतं, कारण पेशीतलं पाणी गोठू नये म्हणून तो त्याचा बंदोबस्त असतो. पहिलं दव गोठल्याशिवाय कोलार्ड तोडू नये, हा दक्षिणेतल्या बागाईतदारांचा हट्ट त्यामुळे अगदी बरोबर आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी, कोलार्ड आणि मक्याचा कॉर्नब्रेड खाण्याची चाल आहे. चवळी म्हणजे नाणी आणि कोलार्ड म्हणजे नोटा, असा त्यातला शकुन. शकुनाचं काही सांगता येत नाही, पण भाजी तेव्हा सगळ्यांत गोड असते.

आता हाडकाचं. डुकराच्या पायाचा घोट्याजवळचा भाग खारवून, लाकडाच्या धुरात धरून ठेवलेला असतो. त्यात मांस थोडं. कातडी, स्नायूबंध आणि कूर्चाच जास्त. म्हणजे कोलॅजेन. ते मऊ व्हायला मंद आचेवर दीड-दोन तास लागतात. मग ते विरघळून जिलेटिन होतं आणि पाण्याला अंग येतं. लाकडातलं लिग्निन जळताना ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही द्रव्यं निघतात. धुराचा जो खमंग वास आपण म्हणतो तो मुख्यतः त्यांचा. शिवाय मांसातलं इनोसिनेट आणि कांद्या-लसणीतलं, मुरलेल्या मांसातलं ग्लुटामेट ही चव वाढवणाऱ्या द्रव्यांची जोडी जिभेवर एकत्र आली की चव बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. बचकभर मांसात पातेलंभर भाजी मांसाहारी लागते ती या गुणाकारामुळे.

इथे क्रम महत्त्वाचा. साधारण किलोभर पानांना एक हाडूक, दोन लिटर पाणी, एक कांदा, चार-पाच लसूण पाकळ्या आणि थोडी सुकी लाल मिरची. हे सगळं पानांशिवाय दीड तास मंद उकळू द्यायचं. तोवर पानं निवडायची. त्यांच्या सुरकुत्यांत वाळू दडलेली असते. मोठ्या टोपात पाणी भरून पानं बुडवावी, हलवावी आणि वर उचलून काढावी. टोप उलटा केला तर तळाची वाळू पुन्हा पानांवरच येते. तळ स्वच्छ दिसेपर्यंत पाणी बदलत राहायचं. मग पान मधल्या शिरेवर दुमडून ती जाड शीर एका ओढीत काढायची, सात-आठ पानं एकावर एक ठेवून त्यांची सुरळी करायची आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या चिरायच्या.

पट्ट्या रश्शात पडताच एक गंमत दिसते. पहिल्या मिनिटभरात रंग फिका होण्याऐवजी उलट लखलखीत हिरवा होतो. पानाच्या पेशींमधल्या पोकळ्यांतली हवा निघून जाते आणि तिथे पाणी शिरतं, त्यामुळे आतलं हरितद्रव्य आधीपेक्षा स्पष्ट दिसतं. पाच-सात मिनिटांनी चित्र पालटतं. पेशी फुटून त्यांतली आम्लं हरितद्रव्याला भिडतात, त्याच्या केंद्रातला मॅग्नेशियमचा अणू निसटतो, त्याच्या जागी हायड्रोजन बसतो आणि उरतं ते शेवाळी फिओफायटिन. हा रंग भाजी 'मेल्याचा' नाही, एक अणू बदलल्याचा आहे. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून तो रोखता येतो, काश्मिरात हाखसाठी काहीजण तेच करतात. पण सोड्याने पानाचा लगदा होतो आणि 'क' जीवनसत्त्व व थायमिनचं नुकसान वाढतं. दक्षिणेतल्या बायका रंगाच्या नादी लागल्या नाहीत, हे ठीकच झालं.

पानं मऊ व्हायला पाऊण ते एक तास. पेशींच्या भिंतींना सांधणारं पेक्टिन उष्णतेने तुटतं, पण आम्लात ते तुटायला फार कुरकुरतं. त्यामुळे व्हिनेगर सुरुवातीला घातलं तर पानं तास उलटला तरी चामट राहतील. ते शेवटी, गॅस बंद करताना, दोन मोठे चमचे. आपण अळूला चिंच आधीपासून लावतो ती घशाला खाजू नये म्हणून. ती खाज आणणारं ऑक्झलेट कोलार्डमध्ये अगदी कमी, तेव्हा तो प्रश्नच नाही. तिकडच्या टेबलावर बारीक तिखट मिरच्या घातलेल्या व्हिनेगरची बाटली असते, ती ज्याने त्याने आपल्या ताटात शिंपडायची. मीठही शेवटीच चाखून घालावं, कारण हाडूक किती खारट आहे ते आधी कळत नाही.

उरला पातेल्यातला रस, 'पॉट लिकर'. पोटॅशियम, फोलेट आणि 'क' जीवनसत्त्व पाण्यात विरघळतात, म्हणून पानांतून उतरून इकडे येतात. उष्णतेने 'क' जीवनसत्त्वाचा बराच भाग नष्ट होतो हे खरं, पण क्षार कुठे जात नाहीत. ते फक्त पानातून रसात जागा बदलतात. 'के' जीवनसत्त्व आणि कॅरोटीन पाण्यात विरघळत नाहीत, पानातच टिकतात, आणि शोषले जायला त्यांना थोडी चरबी लागते, ती हाडकाने दिलेली असतेच. पालकातलं जेमतेम पाच टक्के कॅल्शियम शरीराला लागतं, बाकीचं ऑक्झलेट अडवून धरतं. कोलार्डच्या कुळात ती अडवणूक जवळजवळ नाही. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी मात्र, 'के' जीवनसत्त्व त्याच्या उलट काम करतं म्हणून, ही भाजी अचानक भरपूर खाऊ नये किंवा अचानक सोडूही नये, प्रमाण ठेवून डॉक्टरांना सांगावं. रक्तदाबवाल्यांनी रस बेताने घ्यावा, मिठाचा बराचसा भाग त्यातच असतो.

या रसाचं तिकडे किती कौतुक, तर १९३१ मध्ये लुइझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि अटलांटातल्या 'कॉन्स्टिट्यूशन' दैनिकाचे संपादक ज्युलियन हॅरिस यांच्यात कॉर्नब्रेड रसात बुडवून खायचा की कुस्करून, यावर जाहीर वाद रंगला. न्यूयॉर्कचे तेव्हाचे गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीही त्यात तोंड घातलं. मंदीच्या ऐन भरात लोकांना हसायला निमित्त मिळालं. भाकरी कुस्करून खाणारे आपण बहुधा हॅरिसच्या बाजूचे.

डुकराचं मांस नको असेल तर धुरावलेला टर्कीचा पाय किंवा पंख चालतो. दक्षिणेत आता बरेचजण तोच वापरतात. शाकाहारी मंडळींनी धूर आणि चव यांचा वेगवेगळा विचार करावा. धुरासाठी स्पेनची धुरावलेली पाप्रिका, चवीसाठी सुकवलेले शिताके अळिंबी आणि चमचाभर सोया सॉस. अळिंबीतलं ग्वानिलेट इनोसिनेटचंच काम करतं. वर दोन चमचे तेल, नाहीतर रस पाणचट लागतो. अंग मात्र येणार नाही, जिलेटिनला इथे पर्याय नाही. अटलांटा किंवा रॅलेत राहणाऱ्या मराठी घरांतून कुकरचा मोह होणं साहजिक आहे. हाडूक कुकरमध्ये जरूर शिजवावं, निम्म्याहून जास्त वेळ वाचतो. पानं मात्र उघड्या पातेल्यात, कारण बंद कुकरमध्ये गंधकाच्या वासाला आणि आम्लांना बाहेर जायला वाटच मिळत नाही.

ही भाजी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेला रस सकाळी जेलीसारखा थरथरला तर हाडूक पुरेसं शिजलं होतं असं समजावं, नुसता पाणी-पाणी राहिला तर पुढच्या वेळी त्याला अर्धा तास जास्त द्यावा. वर साचलेला पांढरा थर हवा तेवढा काढून टाकावा आणि उरलेल्या रसात चवळी शिजवावी.