ओब्रायन आडनावातला ‘ओ’

आपल्याकडे ‘कर’ गावाचं नाव सांगतो, आयरिश ‘ओ’ आजोबाचं. ‘ओ’ म्हणजे नातू, पुढे अर्थ रुंदावून वंशज. जुनं रूप ‘उआ’. ओब्रायनांचा मूळपुरुष ब्रायन बोरू. हा राजा १०१४ साली डब्लिनजवळ क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेला. त्याला स्वतःला हे आडनाव नव्हतं. त्याचा नातू टॉर्लाख ‘उआ ब्रियन’ म्हणवला जाई, तेव्हा ते अक्षरशः खरं होतं. आडनाव म्हणून ते पक्कं झालं ते पुढच्या पिढ्यांत.

घराण्याचा मुलूख थोमंड, म्हणजे मुख्यतः पश्चिम आयर्लंडमधला आजचा क्लेअर परगणा आणि आसपासचा भाग. १५४३ मध्ये मरो ओब्रायनने राजेपद सोडून इंग्लंडच्या आठव्या हेन्रीकडून अर्ल ऑफ थोमंड हा किताब घेतला. जमीन राजाला अर्पण करायची आणि त्याच्याच सनदेने परत घ्यायची, असा तो व्यवहार.

सतराव्या शतकात गेलिक, म्हणजे मूळ आयरिश सरदारांची सत्ता मोडली, कारभार इंग्रजीत गेला आणि असंख्य घरांचा ‘ओ’ गळाला. ओब्रायनचे नुसते ब्रायन झाले. १८९३ मध्ये आयरिश भाषेसाठी गेलिक लीग ही संस्था निघाली, भाषेचा अभिमान जागा झाला, तसा ‘ओ’ परतू लागला. मात्र सगळीकडे नाही: मर्फी आणि केली बहुतांशी ‘ओ’विनाच राहिले. नावामधला अपॉस्ट्रॉफी इंग्रजी लेखनातला. आयरिशमध्ये ‘ओ’वर तिरपी रेघ असते आणि पुढे मोकळी जागा.

बायकांचं आडनाव वेगळं चालतं. अविवाहितेला ‘नी’, लग्नानंतर नवऱ्याच्या आडनावातल्या ‘ओ’च्या जागी ‘ई’. दोन्हींनंतर ‘ब’ मऊ होऊन ‘व’सारखा ऐकू येतो. म्हणजे भाऊ ओ ब्रियन, बहीण नी व्रियन.

वंशावळ शोधणारे फसतात ते इथेच. ‘ओ’सह, ‘ओ’विना, अपॉस्ट्रॉफी वगळून, ‘ब्रायन’ची वेगवेगळी स्पेलिंगं, असं सगळं तपासावं लागतं. शिवाय १९२२ च्या यादवीत डब्लिनचा दफ्तरखाना जळाला आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद गेले. १८६१ ते १८९१ चे सरकारनेच आधी नष्ट केले होते. पूर्ण हाती येतात १९०१ आणि १९११. मधली पोकळी भरायला ग्रिफिथची मालमत्ता-मूल्यांकन यादी (१८४७–६४) वापरतात. पण तिच्यात जमीन किंवा घर धारण करणाऱ्यांचीच नावं असतात, बायकामुलांची नाहीत. क्लेअरमध्ये तर एकाच नावाचे अनेक ओब्रायन सापडतात. म्हणून आधी वाडी ठरवायची, मग माणूस. राजवंशाचा दावा त्यानंतरचा, आणि तो आडनावाने सिद्ध होत नाही.