तुमचा जॉब व्हीएमसीवर कसा होतो

‘मशीन तर कॉम्प्युटरवर चालतं, मग एका नगाला एवढा वेळ आणि एवढा दर का?’ असं ग्राहक आम्हाला नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे.

व्हीएमसी म्हणजे व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, जॉब (म्हणजे बनवायचा भाग) कापून आकार देणारं मशीन. त्यात स्पिंडल, म्हणजे टूल धरून फिरवणारा दांडा, उभा असतो आणि टूल वरून जॉबवर उतरतं. बहुतेक मशीनवर टेबल डावी-उजवीकडे नि पुढे-मागे सरकतं, स्पिंडल वर-खाली होतो. प्रत्येक अक्षाला स्वतःची सर्व्हो मोटर आणि ती सरकवणारा बॉलस्क्रू (अचूक आट्यांचा दांडा) असतो. ड्रिल, एंडमिल (बाजूनेही कापणारं टूल), टॅप (आटे पाडणारं टूल) मॅगझिनमध्ये तयार असतात, बऱ्याचदा 20 किंवा 24. टूल चेंजर ती काही सेकंदांत बदलतो. त्यामुळे फेसिंग (वरची बाजू सपाट करणं), पॉकेट (आत कोरलेला खड्डा), भोकं, आटे हे सगळं एकाच पकडीत होतं. जॉब मध्येच काढून पुन्हा बांधावा लागत नाही, म्हणून भोकांमधली अंतरं नेमकी राहतात. आमच्या मते या मशीनचा खरा फायदा वेगापेक्षा हाच.

पण जॉब टेबलावर नेमका कुठे आहे, हे मशीनला सांगावं लागतं. सेटर जॉब पकडणाऱ्या वाइसच्या जबड्याला डायल (बारीक फरक काट्याने दाखवणारं मापयंत्र) टेकवून टेबल सरकवतो. काटा हलला की जबडा तिरका. मग नरम हातोडीने हलकेच ठोकायचं, पुन्हा सरकवून बघायचं, काटा जागचा हलेनासा होईपर्यंत. त्यानंतर जॉबचा झीरो, म्हणजे मापं जिथून मोजायची तो बिंदू, घ्यायचा आणि प्रत्येक टूलची लांबी कंट्रोलरमध्ये भरायची. त्यात एक आकडा चुकला तर टूल थेट जॉबमध्ये घुसतं. म्हणून पहिला नग आम्ही सिंगल ब्लॉकवर, प्रोग्रॅमची एकेक ओळ बघत काढतो. ही मेहनत एका नगाला जेवढी, तेवढीच शंभर नगांना, म्हणून नग कमी असले की प्रत्येकाचा दर चढतो.

दर कमी करणं बरंचसं ड्रॉइंगवर ठरतं. पॉकेटचे आतले कोपरे बघा. एंडमिल गोल असते, त्यामुळे 10 मिमीच्या एंडमिलने 5 मिमीपेक्षा लहान रेडियस निघत नाही. लहान रेडियस हवा तर बारीक टूल घ्यावं लागतं, आणि पॉकेट खोल असेल तर ते लांब बाहेर काढावं लागतं. बाहेरची लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच जोराला टूल सुमारे आठपट लवतं. भिंत तिरकी होते, कंपनाच्या खुणा उठतात. चालत असेल तिथे रेडियस मोठा द्या. चौकोनी भाग आत बसवायचा असेल, तर कोपऱ्यांत रिलीफची, म्हणजे कोपरा मोकळा करणारी, भोकं दाखवा.

टॉलरन्सचंही, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाचंही, तसंच. 300 मिमीची ॲल्युमिनियम प्लेट पाच अंशांनी तापली, तरी साधारण 0.035 मिमीने वाढते. थंड झाल्याशिवाय तिचं माप खरं नाही. त्यामुळे बेअरिंग बसतं तिथे घट्ट टॉलरन्स जरूर मागा, आम्ही तो देऊ. मोकळ्या कडेला मागू नका.

थ्रीडी फाइलसोबत टूडी ड्रॉइंगही पाठवा. त्यावर डेटम (मापं जिथून घ्यायची ती बाजू), मटेरियलचा ग्रेड आणि नगसंख्या लिहा. नुसती थ्रीडी फाइल आली, तर कोणत्या भोकात आटे पाडायचे हे फोन करून विचारावं लागतं, आणि उत्तर येईपर्यंत तुमचा जॉब थांबून राहतो.