धार्मिक छळाचं वार्तांकन आणि जबाबदारांची नावं

धर्मावरून लोकांना मारलं, हुसकावलं, त्यांची प्रार्थनास्थळं पाडली, तर हे कोणी केलं ते बातमीत नावानिशी येतं का, हा या नोंदीचा विषय. नाव म्हणजे समाजाचं नाव नव्हे, तर हुकूम देणारा अधिकारी, लष्कराची तुकडी, संघटना, कधी कधी पेपरसुद्धा. ‘घरं जळाली’ एवढंच छापलं की जाळणारा सुटतो, आणि ‘अमक्या धर्माच्या लोकांनी जाळली’ छापलं की त्या गावाशी काही संबंध नसलेले लाखो लोक अडकतात, म्हणून दोन्ही चूकच.

जबाबदारांची नावं छापण्याची ही पद्धत सुरू कधी झाली यावर एकमत नाही. काही अभ्यासक दमास्कसच्या १८४० च्या प्रकरणापासून धरतात. तिथे एक ख्रिस्ती साधू गायब झाला, ज्यूंवर नरबळीचा आरोप आला, धरपकड करून मारहाण झाली आणि युरोपातल्या बऱ्याच पेपरांनी तो आरोप न तपासता छापला. ज्यूंची स्वतःची पत्रं पुढे वाढली त्याला हेही एक कारण मानतात, लंडनचं ज्यूइश क्रॉनिकल १८४१ चं आहे. पण तिथला सगळा जोर खोटा आरोप खोडण्यावर होता, त्यामुळे १८७६ च्या बल्गेरियाला, म्हणजे ऑटोमन (तुर्की) राजवटीत तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या झालेल्या कत्तलींच्या बातम्यांना, सुरुवात मानणारं मत जास्त पटतं. या कत्तलींबद्दल एडविन पिअर्सची बातमी लंडनच्या डेली न्यूजमध्ये २३ जूनला आली तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान डिझरायलींनी ती कॉफीहाउसमधल्या गप्पांत काढली. मग जॅन्युएरियस मॅकगहन हा अमेरिकन बातमीदार ऑगस्टच्या सुमाराला स्वतः बल्गेरियातल्या बटाक गावात गेला, चर्चच्या आवारात प्रेतं अजून तशीच सडत पडलेली, ते त्याने लिहिलंच, शिवाय हल्लेखोरांचा म्होरक्या अहमद आगा हे नाव दिलं आणि त्याला या कामाबद्दल बढती मिळाली हेही. हे बाशीबझूक, म्हणजे भाडोत्री टोळ्या, आमची नियमित फौज नव्हे, असा बचाव ऑटोमन सरकारला करता येत होता, पण म्होरक्याला सरकारच बढती देतंय म्हटल्यावर तो लंगडा पडला. मृतांचा आकडा मात्र वेगवेगळा सांगतात, हजार-बाराशेपासून पाच हजारांच्या वरपर्यंत.

२४ मे १९१५ ला ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाने आर्मेनियन हत्याकांडासाठी ऑटोमन सरकारमधल्या माणसांना व्यक्तिशः जबाबदार धरू असं जाहीर केलं. रशियाच्या मसुद्यात ‘ख्रिस्ती धर्माविरुद्धचे गुन्हे’ असं होतं, ते बदलून ‘मानवतेविरुद्धचे’ केलं, आणि ते बरंच झालं.

नाव माहीत असूनही बातमी दबते ती पेपरात कुठल्या पानावर जागा मिळते त्यामुळे. २५ जून १९४२ ला डेली टेलिग्राफने सात लाख पोलिश ज्यू मारले गेल्याचं आणि मारणारे जर्मन असल्याचं छापलं, न्यूयॉर्क टाइम्समध्ये मात्र ती माहिती आतल्या पानांवर गेली. दोस्त राष्ट्रांनी जर्मन अधिकाऱ्यांवर उघड ठपका ठेवायला १७ डिसेंबर उजाडला. पेपर स्वतःच दोषी असू शकतो हे नाझी पुढाऱ्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याने ठरवलं, डेर श्ट्यूर्मर या ज्यूद्वेष्ट्या जर्मन पत्राचा प्रकाशक युलिउस श्ट्राइखर याला द्वेष पसरवून चिथावणी दिल्याबद्दल दोषी धरून १९४६ मध्ये फाशी दिलं.

अलीकडचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्यानमारमधल्या इन दिन गावचं. तिथे दहा रोहिंग्या मुस्लिम पुरुषांना मारल्याचा तपास करणारे रॉयटर्सचे वा लोन आणि क्याव सो ऊ डिसेंबर २०१७ मध्ये पकडले गेले, तरी बातमी फेब्रुवारी २०१८ मध्ये आली. हात मागे बांधून रांगेत बसवलेल्या त्या दहा जणांचा फोटो, मागे हत्यारबंद माणसं, आणि कोणकोण सामील होतं त्याचे गावातल्या बौद्ध रहिवाशांनीच दिलेले जबाब, यामुळे ती नाकारता आली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने लष्करप्रमुख मिन आँग लाईंगसह सहा सेनाधिकाऱ्यांची नावं घेतली. इन दिनसाठी सात सैनिकांना दहा वर्षांची शिक्षा झाली पण ते वर्षभराच्या आत सुटले, दोघे बातमीदार ५०० हून जास्त दिवस आत होते.