निस्तेज रंग आणि सुटलेला क्लिअर कोट: जुनी गाडी पुन्हा रंगवावी का?

दहा-बारा वर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टपाकडे पाहून मालक ‘रंग गेला’ असे म्हणतो, आणि या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या अवस्था एकत्र कोंबल्या जातात. एका अवस्थेत रंग शाबूत असून त्याचा केवळ वरचा पृष्ठभाग मेलेला असतो, तर दुसऱ्या अवस्थेत रंगाचे रक्षण करणारा थरच सुटून गेलेला असतो. पहिलीला पुन्हा रंग देणे हा पैशांचा अपव्यय आहे. दुसरीला पॉलिश करणे हा त्याहून मोठा अपव्यय आहे, कारण त्यात पैसेही जातात आणि उरलेला थरही जातो.

पहिली अवस्था बहुतेकांच्या परिचयाची आहे. ऊन, धूळ आणि कोरड्या फडक्याने रोज पुसण्याची सवय यांमुळे रंगाची चमक जाते, बोट फिरवल्यास पांढरट भुकटी लागते, आणि कंपाउंडने (घासण्याच्या बारीक खरखरीत लेपाने) रबिंग करून वर वॅक्स लावले की गाडी पुन्हा उजळते. याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

खरा घोळ दुसऱ्या अवस्थेबाबत होतो. मेटॅलिक रंगाच्या गाडीवर पत्र्यापासून वर प्रायमरचे, म्हणजे अस्तराचे थर, त्यावर रंग देणारा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट अशी रचना असते. बेस कोट पातळ असतो आणि त्याला स्वतःची चमक नसते. आपल्याला दिसणारी सगळी चमक क्लिअरची असते. हा क्लिअर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ असतो. त्यात अतिनील किरणे शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात. वर्षानुवर्षांच्या उन्हाने ती संपत आली की किरणे खालपर्यंत पोहोचतात आणि क्लिअरची बेस कोटवरील पकड सुटते. आधी दुधाळ डाग दिसतात, मग त्यांना नकाशासारख्या कडा येतात, आणि शेवटी त्या कडांपासून पापुद्रे उडू लागतात. टप, बॉनेट आणि डिकीचे झाकण हे आडवे भाग प्रथम जातात. दरवाजे बहुधा कित्येक वर्षे मागे राहतात. चंद्रपूर-नागपूरकडे उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर हे चित्र सर्रास दिसते.

हा भेद ओळखण्यासाठी अनेक जण डागावर पाणी टाकून दाखवतात आणि ‘ओले असताना चमकते, म्हणजे पॉलिशने येईल’ असा निष्कर्ष काढतात. या चाचणीवर कोणीही विश्वास ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगतो. क्लिअर गेलेला बेस कोटही ओला असताना गडद आणि चकचकीत दिसतो, कारण तेवढ्यापुरते पाणीच क्लिअरचे काम करते. वाळले की डाग जिथल्या तिथे असतो. त्याऐवजी डागाच्या कडेवरून नख हलके फिरवावे. नख कुठेही न अडखळता सरकले आणि निस्तेजपणा सलग पसरलेला असेल, तर थर अजून जागेवर असण्याची शक्यता मोठी आहे. नखाला बारीकशी पायरी लागली, तर तिथे क्लिअर संपलेला आहे. याखेरीज कोपऱ्यातील लहानशा जागी हाताने थोडे पॉलिश घासून पाहावे. क्लिअर नसलेल्या जुन्या, साध्या रंगाच्या गाडीवर फडक्याला गाडीचा रंग लागतो आणि ते स्वाभाविक आहे. मेटॅलिक गाडीवर मात्र फडक्याला रंग लागला, तर तिथे उघडा बेस कोट घासला जात आहे हे समजून हात तत्काळ थांबवावा.

पॉलिश म्हणजे थर कमी करणे. त्याने थर कधीही वाढत नाही. एवढे लक्षात घेतले तर सुटलेल्या क्लिअरवर मशीन का फिरवू नये हे वेगळे सांगावे लागत नाही: पॅड पापुद्र्याची कड पकडते, डाग वाढतो, आणि बेस कोट झिजून प्रायमर उघडा पडतो. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर दिला जाणारा संरक्षक लेपही इथे निरुपयोगी आहे, कारण ते ज्या थरावर बसते तोच थर उडणार आहे. ‘वरून नुसता क्लिअर मारून देतो’ हे आश्वासन तर स्पष्टपणे नाकारावे. नवा क्लिअर जुन्या, सुटत चाललेल्या क्लिअरला धरून बसतो आणि त्याच्यासोबतच निघतो. योग्य काम म्हणजे सुटलेला थर पूर्ण घासून काढणे, पक्क्या कडेपर्यंत पोहोचणे, आणि मग कंपनीने गाडीच्या रंगाला दिलेल्या पेंट कोडप्रमाणे बेस कोट व क्लिअर संपूर्ण पॅनेलवर देणे.

मात्र ‘संपूर्ण पॅनेल’ याचा अर्थ ‘संपूर्ण गाडी’ असा नाही. कारखान्यात उघड्या सांगाड्यावरचा रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो. गॅरेजच्या बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंदिस्त खोलीत, प्लास्टिक, रबर आणि वायरिंग असलेली गाडी साधारण ६० ते ७० अंशांच्या पुढे नेता येत नाही. म्हणजे कारखान्यासारखे भाजलेले रंगकाम गॅरेजमध्ये पुन्हा मिळत नाही. म्हणून मूळ रंग जिथे जिवंत आहे तिथे तो घासून काढू नये, हे माझे ठाम मत आहे. टप आणि बॉनेट गेले असतील तर तेवढेच रंगवावेत, आणि नव्या रंगाची छटा जुळत नसेल तर लगतच्या पॅनेलवर ती हलकी मिसळून घ्यावी.

रंगाखालून फुगे येत असतील तर प्रश्न गंजाचा आहे; आधी पत्र्याचे काम, मग रंग. लांबी (पुट्टी) भरून गंज झाकणाऱ्याकडे गाडी देऊ नये. आणि या निमित्ताने रंगच बदलण्याचा विचार असेल, तर नोंदणी प्रमाणपत्रावर रंगाची नोंद असते, त्यामुळे आरटीओची प्रक्रिया आधी समजून घ्यावी.