सरकारी वकिलाच्या कचेरीतले बिनपगारी विद्यार्थी

अमेरिकेत केंद्र सरकारच्या वतीने खटले चालवणाऱ्या ‘यूएस अॅटर्नी’च्या कचेऱ्यांत दर उन्हाळ्यात कायद्याचे विद्यार्थी दाखल होतात. काम भरपूर, पगार शून्य. सरकारने पैसे वाचवायला काढलेली ही युक्ती असावी असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात गोष्ट जवळजवळ उलटी आहे. फुकट काम करून घ्यायला अमेरिकी सरकारला कायद्यानेच मनाई होती, आणि विद्यार्थ्यांसाठी ती मुद्दाम सैल करावी लागली.

मुळात शिकाऊ मुलांना सामावून घेईल अशी कचेरीच फार काळ नव्हती. 1789 च्या कायद्याने प्रत्येक न्यायालयीन जिल्ह्यात सरकारचा एक वकील नेमायची सोय झाली. तेव्हा असे जिल्हे 13 होते, आज 94 आहेत. हा वकील आपली खासगी वकिली सांभाळून सरकारचे काम बघे आणि त्याची मिळकत पगारावर नव्हे, फीवर चाले. जितके खटले तितकी कमाई म्हटल्यावर फुटकळ प्रकरणेही कोर्टात ओढली जात. 1870 मध्ये न्याय खाते उभे राहिले तरी फी सुटली नाही. पगार ठरवून देणारा कायदा आला तो 1896 मध्ये.

1906 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्यात हेन्री स्टिम्सन यांना यूएस अॅटर्नी नेमले. महत्त्वाचे खटले बाहेरच्या बड्या वकिलांकडे सोपवण्याची तिथली रीत स्टिम्सननी मोडली आणि कायद्याच्या कॉलेजांतून नुकती बाहेर पडलेली हुशार मुले हाताशी घेतली. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले फेलिक्स फ्रँकफर्टर त्यांच्यातलेच. ही मुले पगारी होती, विद्यार्थी नव्हती. पण सरकारी वकिलाची कचेरी ही तरुणांनी धडे गिरवायची जागा आहे, हा लौकिक तिथून वाढला.

आता त्या मनाईकडे. एकोणिसाव्या शतकात सरकारी खाती मंजूर पैसा वर्ष संपण्याआधीच उडवून बसत. मग कारकुनांकडून जादा तास काम करून घेतले जाई, वरवर ‘स्वखुशीने’. काही दिवसांनी तेच कारकून मोबदल्याचा दावा घेऊन काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, उभे. काम तर झालेले, नाही म्हणायचे कोणत्या तोंडाने? तिजोरीची किल्ली अशी मागच्या दाराने खात्यांच्या हाती जाते आहे हे ओळखून काँग्रेसने 1884 मध्ये स्वयंसेवा स्वीकारण्यावरच बंदी घातली. अपवाद ठेवला तो जीवित वा मालमत्तेवर अचानक संकट आले तर. कायद्याचा विद्यार्थी त्यात कसा बसणार?

इकडे कायद्याचे शिक्षण पुस्तकी होत चालले होते. 1870 नंतर हार्वर्डच्या लॉ स्कूलचे प्रमुख लँगडेल यांनी निकालपत्रे वाचून कायदा शिकवायची पद्धत रुजवली आणि इतरांनी ती उचलली. विद्यार्थी अपिलांचे निकाल कोळून प्यायचा, पण अशील किंवा साक्षीदार त्याच्या दृष्टीस पडत नसे. 1933 मध्ये वकील आणि लेखक जेरोम फ्रँक यांनी डॉक्टरांसारखे वकीलही प्रत्यक्ष कामातून घडवा, असा आग्रह धरला. त्याला खरा जोर आला 1968 नंतर, फोर्ड फाउंडेशन या देणगी देणाऱ्या संस्थेचा पैसा आल्यावर. 1969 मध्ये अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेने देखरेखीखाली विद्यार्थ्यांना कोर्टात उभे राहू देणारा नमुना नियम केला.

या वाऱ्यात 1978 चा नागरी सेवा सुधारणा कायदा आला. त्यातून आलेल्या तरतुदीने (आजचे कलम 3111) खात्यांना विद्यार्थी स्वयंसेवक घेता येऊ लागले. अटी मोजक्या, पण नेमक्या: किमान अर्धवेळ प्रवेश हवा, शिक्षणसंस्थेची परवानगी हवी, आणि त्याच्यामुळे कुणा कर्मचाऱ्याची जागा जाता कामा नये. असा विद्यार्थी सरकारी नोकर मानला जात नाही. कामावर इजा झाली तर भरपाई, अशा काही मोजक्या बाबींपुरता मात्र मानला जातो.

तो करतो काय? झडतीत सापडलेला पुरावा वगळा, असा अर्ज बचाव पक्षाने केला की वकील त्याला आधीचे निकाल शोधायला बसवतो. अधिकाऱ्याकडे वॉरंट नव्हते, मग गाडी तपासायचा अधिकार त्याला कुठून आला? याचे उत्तर सात-आठ पानांच्या टिपणात द्यायचे, आणि आपल्या बाजूला अडचणीचा निकालही लपवायचा नाही. 1935 च्या बर्जर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की सरकारी वकिलाचे काम खटला जिंकणे नव्हे, न्याय होईल हे पाहणे. वर्गात हे वाक्य वाचणे वेगळे आणि गैरसोयीचा निकाल स्वतःच्या टिपणात लिहिणे वेगळे.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. घरभाडे आणि शैक्षणिक कर्ज डोक्यावर असताना उन्हाळाभर बिनपगारी राहणे कुणाला परवडते, हे उघड आहे. न्याय खात्याची एक पगारी उन्हाळी योजना आहे, पण तिथे स्पर्धा दांडगी. अशा कामाचे अभ्यासक्रमातले क्रेडिट (पदवीसाठी धरले जाणारे श्रेय) आणि पगार एकाच वेळी घ्यायचा नाही, हा बार असोसिएशनचा नियम 2016 मध्ये उठला आणि निर्णय कॉलेजांवर सोडण्यात आला. खासगी कंपन्यांत त्याने फरक पडू शकतो. यूएस अॅटर्नीच्या कचेरीतल्या स्वयंसेवकाला त्याचा उपयोग नाही, कारण कलम 3111 खाली येणारे काम व्याख्येनेच बिनमोबदला आहे.