लाही फुटते कशाने आणि सादळते कशाने

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, आणि बघता बघता ‘ज्वार पफ्स’ची पाकिटं कॉर्नफ्लेक्सच्या शेजारी येऊन बसली. काहींत पिठापासून यंत्राने काढलेले फुगीर गोळे असतात, काहींत चक्क आपल्या ज्वारीच्या लाह्या, वरून साखरेचा थर. पाकिटावरच्या किमतीला वजनाने भागून बघा, मग घरी करावंसं वाटेल.

घरी करायला गेलं की कढईत निम्मे गणंग, म्हणजे न फुटलेले दाणे, राहतात. मग कोणी म्हणतं ज्वारी हायब्रीड दिसते, आणि अमळनेर-चोपड्याकडची एखादी आजी म्हणते, “नजर लागनी.” नजरेचा काही संबंध नाही. दोष बहुतेक वेळा आपल्याकडच्या, खानदेशातल्या मे महिन्याचा असतो.

दाण्यातली हवा तापून फुगते आणि लाही होते, असं पुष्कळांना वाटतं. शाळेतला वायूचा नियम लावून बघू. ३० अंशांची कोंडलेली हवा १८० अंशांवर नेली, तर केल्विनमध्ये ३०३ चे ४५३ होतात, म्हणजे दाब जेमतेम दीडपट. त्याने ज्वारीचं टरफल हलणारही नाही. दाण्यात मुरलेल्या पाण्याचं तसं नाही. बंद जागेत १८० अंशांना वाफेचा दाब सुमारे १० वातावरण होतो (एक वातावरण म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा नेहमीचा दाब). घरच्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत दोन वातावरणांच्या आसपास दाब असतो. तेव्हा ज्वारीचा दाणा हा शिट्टीच नसलेला, पाचपट दाबाचा कुकर समजा. फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये मक्यावर हे तपासलं. १७० अंशांना साधारण एक तृतीयांश दाणे फुटले, १८० ला जवळजवळ सगळे. ‘फट्’ हा आवाज टरफल फाटल्याचा नसून सुटलेल्या वाफेचा, असंही त्यांना दिसलं.

पण नुसता दाब असता तर दाण्याच्या चिंधड्या झाल्या असत्या. खरी गंमत स्टार्चची आहे. ज्वारीचा दाणा आडवा कापलात तर बाहेरचा भाग काचेसारखा, थोडा पारदर्शक दिसतो आणि मधला पांढरा, पिठूळ. काचेरी भागात स्टार्चचे कण इतके दाटीने बसलेले असतात की वाफेला निसटायला फट नसते. उष्णता आणि ओल मिळून हा स्टार्च शिजतो, लिबलिबीत होतो. टरफल फाटलं की दाब एका क्षणात उतरतो, आणि १८० अंशांचं पाणी सगळीकडून एकदम उकळतं. स्टार्चच्या कणाकणात बुडबुडा फुगतो. वाफ जाताना स्वतःबरोबर उष्णता नेते, ओलही नेते. कोरडा आणि थंड होत गेलेला स्टार्च पुन्हा काचेसारख्या कडक, ठिसूळ अवस्थेत जातो आणि बुडबुडे होते तसेच गोठतात. स्टार्च ज्या तापमानाला काचेचा लवचिक होतो, ते तापमान ओल वाढली की खाली येतं, ओल गेली की वर चढतं. हे एक वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आता मे महिना. भुसावळचा पारा ४५ च्या पुढे, हवा कोरडी ठणठणीत. पोत्यातली ज्वारीही हळूहळू ओल सोडते आणि ८-९ टक्क्यांवर येते. लाहीला हवी १४ टक्क्यांच्या आसपास. हिशेब मांडला तर किलोभर ज्वारीला साधारण ६० मिली पाणी, म्हणजे चार मोठे चमचे पुरतात. कोमट पाणी शिंपडा, हाताने चोळा, ओल्या फडक्यात नव्हे तर झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. ओल आतपर्यंत मुरायला वेळ लागतो. लगेच कढईत टाकली तर टरफल ओलं आणि गाभा कोरडाच. पाणी जास्त झालं तर टरफल मऊ पडून लवकर फाटतं आणि लाही ठेंगणी होते. श्रावणात हवेतच ओल असते, तेव्हा पंचमीच्या लाह्या बऱ्या फुटतात. (नागाला दूध-लाह्या ठेवतात, पण साप यातलं काहीच खात-पीत नाही. आपणच खाव्यात.)

भाकरीला उत्तम ती ज्वारी लाहीला उत्तम असेलच असं नाही. दादर जातीची ज्वारी पिठाला ठेवा, लाहीला बारीक, टणक दाणा घ्या. भडभुंजा तापलेली वाळू वापरतो, कारण दाण्याला सगळ्या बाजूंनी एकदम उष्णता लागते. घरी जाड लोखंडी कढईत जाडं मीठ तापवा आणि मूठमूठच ज्वारी टाका. जास्त टाकली की मीठ निवतं, दाणा रेंगाळत तापतो आणि वाफ गळून जाते.

कॉर्नफ्लेक्सच्या वाटेला मात्र जाऊ नका. मक्याची भरड वाफवून, अर्धी सुकवून, जड रोलरखाली चापट करून मग भाजतात. लाटण्याने ते होत नाही. १८९४ साली अमेरिकेत बॅटल क्रीकला केलॉग बंधूंनी पहिले फ्लेक्स केले, ते गव्हाचे.

लाह्या उघड्या राहिल्या की सादळतात. मघाचंच वाक्य: ओल शिरली, काचेचा लवचिक होण्याचं तापमान खोलीच्या तापमानाखाली उतरलं, लाही चामट झाली. कोरड्या कढईत परतली की पुन्हा कुरकुरीत. गुळाचा पातळ पाक चढवला तर दूध आत शिरायला वेळ लागतो. पाकिटातल्या साखरेचंही निम्मं काम तेच. वाटीत खाली शेंगदाणे, तीळ आणि वर केळ्याचे काप घ्या, आपल्याकडे केळ्यांची कमी नाही.

एक गोष्ट पाकिटाच्या बाजूने. कॉर्नफ्लेक्समध्ये बहुधा वेगळं लोह आणि जीवनसत्त्वं घातलेली असतात. काहींतलं लोह खरोखर लोखंडाची भुकटी असते. चुरा पाण्यात कालवून लोहचुंबक फिरवलात तर काळे कण चिकटतात. घरच्या लाह्यांत ज्वारीचं आहे तेवढंच. उरलेले गणंग टाकू नका, भाजलेलेच असतात. दळून आणा आणि गूळ घालून दुधात कालवा.