लॅपटॉपला दोन मॉनिटर आणि ‘टाइप-सी’ या शब्दाचा घोळ

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हिंजवडी-खराडीत नोकरी करणारी नाशिकची बरीच मुलं लॅपटॉप घेऊन इंदिरानगर, सिडको, गंगापूर रोडवरच्या घरी परतली. ऑफिसात टेबलावर दोन-दोन मॉनिटर होते, घरी डायनिंग टेबल. शहराला दुसरी स्क्रीन नवी नव्हती. सातपूर-अंबडला डिझाइनचं काम करणारे ती पूर्वीपासून वापरत. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर करसल्लागारही टॅली एका स्क्रीनवर, पोर्टल दुसऱ्या स्क्रीनवर उघडून बसू लागले. पण तिथे बहुतेक वेळा डेस्कटॉप असे. लॅपटॉपला दोन मॉनिटर जोडायची वेळ घराघरांत आली ती २०२० नंतर, आणि तेव्हापासून एकच तक्रार ऐकू येते: ‘टाइप-सी आहे, वायर बसतेय, मग डिस्प्ले का येत नाही?’

जुना काळ या बाबतीत सोपा होता. १९८७ चा व्हीजीए फक्त चित्र पाठवायचा, २००२ च्या अखेरीस आलेला एचडीएमआय चित्र आणि आवाज. विंडोज ९८ पासून एकाहून जास्त मॉनिटर चालत होते. लॅपटॉपची अडचण वेगळी होती. प्रोसेसरमधली ग्राफिक्स चिप एका वेळी बहुधा दोनच स्क्रीन सांभाळायची, त्यातली एक लॅपटॉपची स्वतःची. तीन स्क्रीन सांभाळणाऱ्या चिप साध्या लॅपटॉपमध्ये २०१२ च्या सुमारास आल्या. म्हणजे ‘दोन बाहेरचे मॉनिटर’ ही गोष्ट त्याआधी साध्या मशीनवर फारशी शक्यच नव्हती. पण पोर्ट बघून काय चालेल हे सांगता यायचं.

२०१४ मध्ये ते संपलं. त्या वर्षी यूएसबी-सी, म्हणजेच टाइप-सीचा आकार जाहीर झाला: २४ पिना, उलट-सुलट कसाही बसणारा. पाठोपाठ त्याच पोर्टमधून डिस्प्लेपोर्टचं (एचडीएमआयसारखीच मॉनिटरला चित्र पाठवायची पद्धत) चित्र नेण्याची सोय आली. तिला ‘ऑल्ट मोड’ म्हणतात. वाद आहे तो इथे घेतलेल्या निर्णयाबद्दल. ही सोय ऐच्छिक ठेवली गेली. लॅपटॉप बनवणाऱ्याने पोर्टला टाइप-सीचा आकार दिला, तरी आतून चित्राच्या तारा जोडणं त्याच्यावर बंधनकारक नव्हतं. चार्जिंगही ऐच्छिक, वेगही ऐच्छिक.

या निर्णयाच्या बाजूने जे सांगितलं जातं त्यात तथ्य आहे. तोच आकार स्वस्त फोन, पॉवर बँक, इअरफोनची डबी, सगळ्यांवर बसवायचा होता. प्रत्येकाला चित्राचं सर्किट सक्तीचं केलं असतं तर आकार पसरलाच नसता. पण फोनचा मुद्दा लॅपटॉपला लावणं मला पटत नाही. आणि सक्ती नको होती, तर निदान पोर्टशेजारी खूण छापणं तरी बंधनकारक करायला हवं होतं. डिस्प्लेपोर्टचं ‘डी’मधलं ‘पी’ किंवा थंडरबोल्टची (टाइप-सी आकारातूनच चालणारी जास्त वेगवान जोडणी) वीज अशा खुणा आहेत, पण छापणं न छापणं बनवणाऱ्याच्या मर्जीवर. परिणामी एकाच लॅपटॉपवर शेजारी-शेजारी दोन सारखी पोर्टं असतात, एकातून चित्र येतं, दुसऱ्यातून नाही.

नावांनी घोळ आणखी वाढवला. २००८ चं यूएसबी ३.० पुढे ‘३.१ जेन १’ झालं, मग २०१९ मध्ये ‘३.२ जेन १’. वेग तोच, सेकंदाला ५ गिगाबिट. ग्राहकाने खोक्यावर ‘३.२’ वाचून नवं समजून घेतलं तर चूक त्याची नाही. शिवाय ही नावं वेगाची आहेत. चित्र येतं की नाही, ते त्यांतलं एकही सांगत नाही. फोनसोबत येणारी वायर तर बहुतेकदा चार्जिंगची आणि ४८० मेगाबिटची असते. चित्र नेणाऱ्या तारा तिच्यात नसतातच, म्हणून दुकानात चांगला पोर्टही ‘खराब’ ठरतो.

चित्र आलं तरी वाटणीचा प्रश्न उरतो. टाइप-सीत वेगवान तारांच्या चार वाटा असतात. डॉकला, म्हणजे एका वायरने लॅपटॉपला जोडून बाकी सगळं लावायच्या डबीला, पेनड्राइव्ह, नेटवर्कसाठी जलद यूएसबी द्यायचं असेल तर दोन वाटा तिकडे जातात आणि चित्राला दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या हिशोबाने त्यांतून साधारण ८.६ गिगाबिट जातं. फुल एचडी मॉनिटरला ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलताना, सव्वातीनच्या आसपास लागतं, त्यामुळे असे दोन आरामात चालतात. फुल एचडीच्या चौपट ठिपके असलेल्या एका ४के मॉनिटरलाच तेवढ्याच हर्ट्झवर साडेबारा लागतं, म्हणून तो ३० हर्ट्झवर येतो आणि माउसचा बाण ओढल्यासारखा फिरतो. मॉनिटर बदलून हे सुटत नाही.

एका वायरमधून दोन वेगळी चित्रं पाठवायची एमएसटी ही सोय डिस्प्लेपोर्ट १.२ सोबत २०१० मध्ये आली. विंडोज ती पाळतं. ॲपलचं मॅकओएस प्रत्येक मॉनिटरवर वेगळं चित्र दाखवण्यासाठी ती पाळत नाही. २०२१ मध्ये मी ‘टाइप-सी, दोन एचडीएमआय’ एवढंच छापलेला डॉक घेतला. विंडोजवर दोन स्वतंत्र स्क्रीन मिळाल्या, मॅकवर दोन्हीकडे एकच चित्र. खोक्यावर याबद्दल अक्षर नव्हतं. त्यातच ॲपलच्या २०२० च्या एम१ चिपच्या लॅपटॉपना बाहेरचा एकच मॉनिटर मान्य होता. एम२ मध्येही तेच राहिलं. २०२४ च्या एम३ एअरने दोन दिले, पण झाकण बंद करून. एम४ मध्ये झाकण उघडं ठेवून दोन चालू लागले.

मधल्या काळात या लॅपटॉपवाल्यांना डिस्प्लेलिंक या तंत्राने हात दिला. यात ग्राफिक्स चिपच्या मर्यादेला वळसा घालून सॉफ्टवेअर चित्र दाबून साध्या यूएसबीतून पाठवतं. एक्सेल, ईमेल, कोडिंगला ते उत्तम आहे. संरक्षित चित्रपट मात्र अनेकदा काळा दिसतो, आणि प्रोसेसरवर भार पडतो.

सुधारणा आली ती उशिरा. २०२० च्या थंडरबोल्ट ४ ने दोन ४के स्क्रीनची क्षमता सक्तीची केली, पण ते महागड्या लॅपटॉपवर. २०२२ पासून यूएसबीच्या खुणांत आवृत्तीऐवजी थेट वेगाचा आकडा छापायची पद्धत आली. युरोपात फोनला डिसेंबर २०२४ पासून आणि लॅपटॉपला एप्रिल २०२६ पासून टाइप-सी सक्तीचं करणारा नियम झाला, पण तो चार्जिंगचा. किती वॅट लागतात ते खोक्यावर छापायला लावलं, चित्र येतं का ते नाही. विंडोजच्या प्रमाणपत्रासाठी लॅपटॉपच्या प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून निदान एका मॉनिटरला चित्र मिळालंच पाहिजे, अशी अट २०२५ मध्ये जाहीर झाली. आकार आल्यानंतर ११ वर्षांनी. तीसुद्धा नव्या, प्रमाणित मशीनसाठी. घरात आहेत त्या लॅपटॉपसाठी अजूनही मॉडेल नंबर घेऊन तांत्रिक तपशिलाचं पान उघडावं लागतं आणि तिथे ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द कोणत्या पोर्टपुढे लिहिलाय ते शोधावं लागतं.